तीन राज्यांचा सिनेटर जेम्स शील्ड्स, आणि लिंकनने खरोखर लिहिलेले एक पत्र

पाटीपेन्सिल (धागाकर्ता):

मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांची अब्राहम लिंकनशी पहिली भेट मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर होते. मी ज्या शाळेत इतिहास शिकवला तिथेही लिंकनने मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले ते पत्र टांगलेले होते. चौकट सागवानी, कागद डाव्या कोपऱ्यात वाळवीने कुरतडलेला आणि शेवटच्या दोन ओळी समोरच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने पुसट झालेल्या. निवृत्त झाल्यावर मूळ इंग्रजी पत्र वाचावे म्हणून शोधायला बसलो, तेव्हा लिंकनच्या कागदपत्रांत असे पत्रच नाही आणि अभ्यासक ते त्याचे मानत नाहीत, हे कळले. थोडे वाईट वाटले. त्या शोधात लिंकनने खरोखर लिहिलेले, पण पुढे जन्मभर ज्याचा विषय निघालेला त्याला खपत नसे, असे दुसरेच एक पत्र हाती लागले. ते ज्याची टिंगल करण्यासाठी लिहिले होते, त्या माणसाविषयी हा धागा आहे.

त्याचे नाव जेम्स शील्ड्स. जन्म आयर्लंडच्या टायरोन परगण्यातल्या आल्टमोरचा, साल बहुधा १८०६. घर कॅथलिक. त्या काळी कॅथलिक माणसाला लंडनच्या पार्लमेंटात बसता येत नव्हते आणि ही बंदी १८२९ साली उठली, पण शील्ड्स त्याआधीच अटलांटिक ओलांडून गेला होता. त्याच नावाचा त्याचा एक चुलता आधीच अमेरिकेत स्थायिक झालेला होता आणि पुढे ओहायोतून तिथल्या प्रतिनिधिगृहातही निवडून गेला, त्यामुळे राजकारण हे आपल्यासारख्यांचे क्षेत्र नव्हे असे या पोराला वाटण्याचे कारण नव्हते. इलिनॉयमधल्या कास्कास्किया या जुन्या फ्रेंच वसाहतीच्या गावात त्याने शिक्षकी केली, त्याच काळात कायद्याचा अभ्यास केला आणि १८३२ च्या सुमारास वकिली सुरू केली. १८३६ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. त्या सभागृहात त्याच्यासोबत स्टीव्हन डग्लस होता, जॉन हार्डिन होता आणि लिंकनही होता. सगळेच तिशीच्या आतबाहेरचे आणि सगळेच नव्या मुलुखात नशीब काढायला आलेले.

आता ते पत्र. इलिनॉयने १८३७ मध्ये रस्ते, कालवे आणि लोहमार्गांसाठी ऐपतीबाहेर कर्ज काढले, त्याच वर्षी आलेल्या मंदीत सारे गडगडले आणि १८४२ च्या फेब्रुवारीत राज्याच्या बँकेने मान टाकली. तिच्या नोटांचे मोल निम्म्याहूनही खाली आले. शील्ड्स तेव्हा राज्याचा हिशेबनीस म्हणजे ऑडिटर होता, डेमोक्रॅट पक्षाचा. ऑगस्टमध्ये सरकारने आदेश काढला की कराचा भरणा या नोटांत घेतला जाणार नाही, सोने किंवा चांदी आणा. तिजोरीच्या बाजूने पाहिले तर या आदेशात गैर काही नव्हते, कारण रद्दी घेऊन राज्य चालत नाही. ज्या शेतकऱ्याने गहू विकून तीच नोट घेतली होती त्याच्या बाजूने पाहिले तर ही शुद्ध लूट होती. हिशेबनिसाच्या सहीने आदेश निघतो, म्हणून शिव्याही हिशेबनिसाला.

२ सप्टेंबरच्या ‘सँगमो जर्नल’मध्ये ‘रिबेका’ नावाच्या खेडवळ बाईचे पत्र छापून आले. ते लिहिले होते लिंकनने. पत्रात शेजारचा शेतकरी करावरून चडफडतो आणि शील्ड्सला थेट मूर्ख आणि खोटारडा म्हणतो. पण शील्ड्सला झोंबले ते वेगळेच असावे. हा छत्तीस वर्षांचा अविवाहित, नीटनेटका आणि स्वतःवर खूश असलेला गृहस्थ एका समारंभात मुलींच्या घोळक्यात उभा आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर जणू असे भाव आहेत: ‘प्रिय मुलींनो, फार दुःखाची गोष्ट आहे, पण मी तुम्हा सगळ्यांशी लग्न करू शकत नाही. मी इतका देखणा आणि इतका मनोवेधक आहे हा काही माझा दोष नव्हे.’ बँक, कर, नोटा हे सगळे वाचक आठवड्याभरात विसरतो, असले वाक्य मात्र गावभर होते.

प्रकरण तिथेच थांबले असते. पण लिंकनची भावी पत्नी मेरी टॉड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जेन यांना या खेळाची गोडी लागली. त्यांच्याकडून आलेल्या पत्रात विधवा रिबेका शील्ड्सशी लग्नाला तयार होते, आणि लढायचेच असेल तर केरसुणी किंवा उकळते पाणी हे हत्यार चालेल असे कळवते. मग ‘एरिनच्या पुत्रा’चे त्या विधवेशी लग्न लागल्याची कविता आली. एरिन म्हणजे आयर्लंड. त्या शब्दात टोचणी होती, कारण विषय कराचा असताना माणूस कुठून आला याची आठवण करून देण्याचे दुसरे कारण काय असणार?

शील्ड्सने संपादकाकडे लेखकाचे नाव मागितले, लिंकनने सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली, माफीची मागणी झाली, ती ज्या सुरात झाली त्या सुरात लिंकन देईना, आणि गोष्ट द्वंद्वयुद्धावर गेली. आव्हान ज्याला मिळते त्याने हत्यार निवडायचे असा रिवाज होता. लिंकनने घोडदळातल्या सगळ्यात मोठ्या आकाराच्या तलवारी निवडल्या. दोघांच्या मध्ये दहा फूट लांबीची फळी आडवी रोवायची, ती कोणी ओलांडायची नाही, आणि प्रत्येकाच्या मागे तलवारीच्या लांबीहून तीन फूट जास्त अंतरावर एक रेघ, जी ओलांडली तर हार. लिंकन सहा फूट चार इंच आणि शील्ड्स पाच फूट नऊच्या आसपास. फळीपलीकडे लिंकनची तलवार पोचणार, शील्ड्सची नाही. अटींचा तो कागद मी तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा हसू आवरले नाही.

२२ सप्टेंबर १८४२ रोजी दोघेही इलिनॉयच्या ऑल्टन गावासमोर, मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर, मिसुरीच्या हद्दीत, जमले, कारण इलिनॉयमध्ये द्वंद्वयुद्ध हा गुन्हा होता. लिंकनने बसल्या जागेवरून तलवार उचलून डोक्यावरच्या झाडाची फांदी सहज छाटली, असे सांगतात. शेवटच्या घटकेला हार्डिन आणि आणखी काही जण पोचले, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी शब्दांची डागडुजी केली आणि सगळे नावेतून परत आले. हाच हार्डिन पुढे १८४७ मध्ये मेक्सिकोच्या युद्धात बुएना व्हिस्टा इथे पडला, आणि त्याने ज्याला वाचवले तो शील्ड्स त्याच युद्धात छातीतून गोळा आरपार जाऊनही जगला.

शील्ड्सची दुसरी ओळख म्हणजे इलिनॉय, मिनेसोटा आणि मिसुरी अशा तीन राज्यांतर्फे अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेला आजवरचा तो एकमेव माणूस आहे. हे नेहमी विक्रम म्हणून सांगितले जाते. माझे मत असे की हा विक्रम नव्हे, तीन ठिकाणी बूड न टेकल्याची नोंद आहे. जाणकारांनी आपले मत मांडावे.

खंड्या:

उत्तम धागा. मी गेली बारा वर्षे सेंट लुईसजवळ राहतो आणि ज्या जागेविषयी आपण लिहिले आहे तिथे दर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जातो. वेस्ट ऑल्टनला, नदीच्या मिसुरीकडच्या काठाला, ‘लिंकन-शील्ड्स’ याच नावाचे एक मोकळे क्षेत्र आहे. ते पाणपक्ष्यांच्या अभयारण्याला लागून आहे आणि थंडीत तिथे ट्रम्पेटर हंस, पांढरे पेलिकन आणि टकले गरुड दिसतात. पलीकडे ऑल्टनचा पूल, त्याच्या पुढे प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरण आणि जहाजांसाठीचे जलपाश. धरणे झाल्यावर नदीचा काठ आणि बेटे आमूलाग्र बदलली, त्यामुळे ‘इथेच ती फळी रोवली होती’ असे बोट दाखवून सांगण्याचा मोह मी टाळतो.

नावाची मात्र गंमत वाटते. जी गोष्ट लिंकनला विसरायची होती ती सरकारने पाटीवर कोरून ठेवली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर एका अधिकाऱ्याने त्याला या द्वंद्वयुद्धाविषयी विचारले, तेव्हा तो लाल झाला आणि माझी मैत्री हवी असेल तर हा विषय पुन्हा काढू नका, असे म्हणाला. ही आठवण मेरी लिंकननेच पुढे एका पत्रात लिहून ठेवली आहे.

उंबरठा:

मी न्यू जर्सीत राहतो. नागरिकत्वाच्या अर्जात किती वर्षे, किती महिने, किती दिवस देशात होतो याचा हिशेब मांडताना रात्री उशिरापर्यंत जुन्या पासपोर्टांची पाने उलटली आहेत, म्हणून शील्ड्सच्या आयुष्यातला जो भाग धागाकर्त्यांनी एका ओळीतही घेतला नाही तो मी सविस्तर लिहितो.

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सिनेटर होण्यासाठी वय तीस हवे आणि नागरिक होऊन नऊ वर्षे झालेली हवीत. प्रतिनिधिगृहासाठी हीच अट सात वर्षांची आहे. मेक्सिकोहून शील्ड्स वीर म्हणून परतला होता. १८४७ च्या एप्रिलमध्ये सेरो गोर्दोच्या लढाईत गोळा त्याच्या फुप्फुसातून गेला, वर्तमानपत्रांनी त्याला मृत घोषित केले, आणि एका डॉक्टरने रेशमी रुमाल जखमेतून आरपार ओढून ती साफ केली अशी कथा पसरली. त्यातून उठून तो त्याच वर्षी चापुल्तेपेकला पुन्हा लढला आणि हात मोडून घेतला. अशा माणसापुढे इलिनॉयचा मावळता सिनेटर सिडनी ब्रीझ टिकला नाही. दोघे एकाच पक्षाचे, पण पक्षाने वीराला पसंती दिली.

४ मार्च १८४९ ला शील्ड्सची मुदत सुरू झाली. त्याच्या नागरिकत्वाच्या कागदावर तारीख होती २१ ऑक्टोबर १८४०. बोटांवर मोजून पाहा, नऊ वर्षांना साडेसात महिने कमी पडत होते. हरकत निघाली, समिती नेमली गेली, शील्ड्सने राजीनामा देऊन पाहिला, परंतु सिनेटची भूमिका अशी की जी निवडच अवैध आहे तिचा राजीनामा कसला. १५ मार्चला त्याची निवड रद्द ठरली. याला पूर्वीचा दाखला होता. जन्माने स्विस असलेल्या आल्बर्ट गॅलाटिनला सिनेटने १७९४ मध्ये याच अटीवर घरी पाठवले होते, आणि तोच गॅलाटिन पुढे देशाचा अर्थमंत्री झाला.

आता मौज अशी की शील्ड्सच्या बाबतीत उपाय फक्त थांबण्याचा होता. इलिनॉयच्या गव्हर्नरने ऑक्टोबरच्या अखेरीस विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले, तोवर नऊ वर्षे पुरी झाली होती, त्याच विधिमंडळाने त्याच माणसाला पुन्हा निवडले आणि डिसेंबरमध्ये तो आपल्या जागेवर जाऊन बसला. धागाकर्त्यांच्या ‘बूड न टेकल्याची नोंद’ या मताला माझा विरोध इथेच आहे. एका राज्याने एका वर्षात दोनदा निवडलेल्या माणसाला बूड नव्हते असे कसे म्हणता येईल?

पाटीपेन्सिल:

उंबरठा, आपली दुरुस्ती मान्य आहे, पण अर्धीच. आपण ब्रीझला त्याने लिहिलेले पत्र वगळले. हरकतीमागे ब्रीझ आहे अशी शील्ड्सची खात्री होती. त्याने रागाच्या भरात ब्रीझला लिहिले की या कारणाने तू मला हरवले असतेस, तर त्या विजयाचा लाभ मी तुला मिळू दिला नसता, अशी शपथ मी मनात घेतली होती, मग परिणाम काहीही होवोत. ब्रीझने पत्र छापायला दिले. वाचणाऱ्यांना त्यात खुनाची धमकी दिसली आणि शील्ड्सला आपला तसा अर्थ नव्हता असे जाहीरपणे सांगत बसावे लागले. रिबेकाच्या प्रकरणाला सात वर्षे उलटली होती, स्वभाव होता तिथेच होता. ज्या शेतकऱ्याच्या तोंडी लिंकनने शिव्या घातल्या त्याला काय हवे होते हे शील्ड्सने बहुधा कधी विचारलेच नाही, त्याला आपला अपमान तेवढा दिसला.

गुळवेल:

चर्चा रंजक आहे, पण तलवारी, रुमाल आणि तारखा यांत मुख्य गोष्ट हरवते आहे असे वाटते. शील्ड्सच्या सहा वर्षांच्या इलिनॉयी मुदतीतला सर्वांत वजनदार निर्णय १८५४ चा आहे. मिसुरी तडजोडीने १८२० पासून एका विशिष्ट रेषेच्या उत्तरेला नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मज्जाव केला होता. इलिनॉयचा दुसरा सिनेटर डग्लस याच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेषा पुसली आणि गुलामगिरी हवी की नको हे तिथल्या वसाहतकारांनी ठरवावे असे म्हटले. शील्ड्सने डग्लसच्या मागे उभे राहून या कायद्याच्या बाजूने मत दिले.

ज्या माणसाच्या धर्मामुळे त्याच्या मायदेशात त्याला पार्लमेंटची दारे बंद होती, त्याने दुसऱ्या माणसांच्या विक्रीचा मुलूख वाढवणाऱ्या कायद्याला हात वर करावा, याकडे ‘पक्षशिस्त’ म्हणून पाहून पुढे जाता येत नाही. मला वाटते अमेरिकेतल्या आयरिश स्थलांतरितांच्या राजकारणातली ही कायमची गाठ आहे. डेमोक्रॅट पक्षाने त्यांना जवळ केले, मतदार केले, पदे दिली. इलिनॉयमध्ये १८१८ च्या घटनेप्रमाणे सहा महिने राहिलेल्या कोणाही प्रौढ गोऱ्या पुरुषाला, तो नागरिक असो वा नसो, मत देता येत होते, आणि १८३६ पासून कालवा खणायला आलेल्या हजारो आयरिश मजुरांची मते त्यामुळेच मोलाची झाली. त्या पक्षाचा दुसरा खांब दक्षिणेतले गुलाममालक होते. घर मिळाले त्याच्या पायाखाली काय आहे हे पाहायचे नाही, हा त्या घराचा अलिखित करार होता. ‘गोऱ्या’ हा शब्द वरच्या वाक्यात किती सहज येऊन जातो, तेही पाहावे.

पाटीपेन्सिल:

गुळवेल, आपल्या मुद्द्याचा प्रतिवाद करण्याची माझी इच्छा नाही. एवढेच जोडतो की १८५० मध्ये कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघात यावे या बाजूने तो उभा होता, म्हणजे त्याला दुसरी बाजू दिसत नव्हती असे नाही. चार वर्षांनी डग्लसने हाक दिली आणि तो गेला. त्या मताची किंमत मात्र त्याने रोख मोजली.

१८५५ च्या फेब्रुवारीत त्याची मुदत संपत आली तेव्हा इलिनॉयच्या विधिमंडळात नेब्रास्का कायद्याच्या विरोधकांची सरशी होती. १९१३ पर्यंत सिनेटर विधिमंडळच निवडत असे, आपल्या राज्यसभेसारखे. पहिल्या फेरीत सगळ्यात पुढे लिंकन, शील्ड्स त्याच्यामागे तीन-चार मतांनी, आणि तिसरा, नेब्रास्काविरोधी डेमोक्रॅट लायमन ट्रंबुल, जेमतेम पाच मतांवर. त्या पाच जणांनी लिंकनला मत द्यायचे नाकारले. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. शील्ड्स निवडून येत नाही हे दिसल्यावर त्याच्याच पक्षाने त्याला सोडून गव्हर्नर मॅटेसनच्या नावाला जोर लावला, तेव्हा मॅटेसन येऊ नये म्हणून लिंकनने आपली उरलेली मते ट्रंबुलकडे वळवली आणि दहाव्या फेरीत ट्रंबुल सिनेटर झाला.

या ट्रंबुलची बायको कोण? रिबेकाच्या नावाने शील्ड्सची टर उडवणारी ज्युलिया जेन. मेरी टॉडच्या लग्नात ती करवली होती, आणि या निवडणुकीनंतर मेरीने तिच्याशी संबंध जवळजवळ तोडले. इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड इथल्या दिवाणखान्यांत बसून १८४२ मध्ये ज्या चौघांनी एकमेकांची खोडी काढली होती, त्यांच्यातलाच हिशेब तेरा वर्षांनी त्याच गावातल्या विधिमंडळात मिटवला जात होता, असे वाटावे इतके हे जग लहान होते.

आणि त्याच सुमारास परदेशी जन्माच्या माणसांना, विशेषतः कॅथलिकांना, सत्तेबाहेर ठेवू पाहणारा ‘नो-नथिंग’ पक्ष भरात होता. नागरिकत्वासाठी एकवीस वर्षे थांबायला लावा अशी त्यांची मागणी होती. तेव्हा शील्ड्सचा पराभव केवळ त्याच्या मताने झाला की नावाने आणि देवळानेही झाला, याचे गणित सुटे करता येत नाही.

बेळगावकर_रसिक:

मूळचे आमच्या बेळगावचे श्री. ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसतात, त्यामुळे सात आणि नऊ वर्षांची ही अट आमच्याकडे कट्ट्यावरही चघळून झाली आहे. माझा प्रश्न साधा आहे. इलिनॉयमध्ये हरल्यावर शील्ड्स गप्प घरी का बसला नाही? वकिली होती, न्यायाधीशपद भूषवून झाले होते.

उंबरठा:

कारण सरहद्द पुढे सरकली होती. शील्ड्स १८५५ मध्ये मिनेसोटा प्रदेशात गेला. तिथे जमीन होती आणि राज्य अजून व्हायचे होते. फॅरिबॉल्ट गावाजवळ त्याने आयरिश कुटुंबांना आणून वसवले. त्या वस्तीचे नाव शील्ड्सव्हिल, शेजारच्या टाउनशिपचे नाव एरिन, जवळच किलकेनी. ज्या शब्दाने त्याला टोमणा मारला होता तोच शब्द नकाशावर नाव म्हणून आला, एवढे तरी त्याच्या पदरी पडले म्हणायचे. न्यूयॉर्क-बॉस्टनच्या खुराड्यांतून बाहेर पडून आपल्या माणसांनी शेती करावी हा त्यामागचा विचार होता, आणि आयर्लंडमधल्या १८४५ नंतरच्या दुष्काळाने बाहेर फेकलेल्या लोकांच्या संदर्भात तो मला आजही शहाणपणाचा वाटतो.

११ मे १८५८ ला मिनेसोटा राज्य झाले आणि पहिल्या दोन सिनेटरांत एक शील्ड्स होता. नव्या राज्याच्या दोन सिनेटरांच्या मुदती एकदम संपू नयेत म्हणून चिठ्ठ्या टाकतात. आपल्या राज्यसभेतही १९५२ मध्ये पहिल्या सदस्यांपैकी कोण दोन वर्षे, कोण चार आणि कोण सहा, हे असेच ठरले होते. हेन्री राइसला १८६३ पर्यंतची मुदत मिळाली आणि शील्ड्सच्या चिठ्ठीत ३ मार्च १८५९ ही तारीख निघाली. दहा महिनेसुद्धा नाहीत. तोवर मिनेसोटात रिपब्लिकनांचे वारे वाहू लागले आणि त्याला पुन्हा पाठवले गेले नाही. आधी साडेसात महिने कमी पडले, आता दहा महिने मिळाले. काही माणसांचे कॅलेंडरशी वैरच असते.

खंड्या:

अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण अशा यादवी युद्धाचा भाग राहिला म्हणून लिहितो, थोडक्यात. १८६१ मध्ये शील्ड्स कॅलिफोर्नियात होता आणि नुकतेच त्याचे लग्न झाले होते. राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्याला ब्रिगेडियर जनरल नेमले. झाडाची फांदी छाटणाऱ्याने आता त्याच्या हाती सैन्याची तुकडी दिली. यात उदारपणा होता तसा हिशेबही होता, कारण उत्तरेला डेमोक्रॅट आणि आयरिश दोन्ही हवे होते.

व्हर्जिनियात कर्न्सटाउनला २३ मार्च १८६२ रोजी उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेचा नामांकित सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याला मागे रेटले, आणि शील्ड्स पुढे आयुष्यभर जॅक्सनचा पराभव करणारा म्हणून मिरवला. वस्तुस्थिती अशी की आदल्या दिवशी तोफगोळ्याच्या तुकड्याने त्याचा हात मोडला होता, तो खाटेवर होता आणि मैदानावर कर्नल नेथन किम्बॉलने लढाई सांभाळली. जूनमध्ये पोर्ट रिपब्लिकला त्याच्या तुकडीला जॅक्सनने झोडपले, तेव्हाही तो स्वतः मैदानावर नव्हता. जिंकला तेव्हा गैरहजर आणि हरला तेव्हाही गैरहजर, पण गाजावाजा पहिल्याचाच. मेजर जनरलपदाची बढती मिळाली नाही आणि १८६३ च्या मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला.

गुळवेल:

खंड्या, मेक्सिकोत तो स्वतः दोनदा मोडला होता, एवढे त्याच्या बाजूने लिहायला हवे. छपन्नाव्या वर्षी, एका निकामी होत आलेल्या शरीरानिशी तो पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी योग्य बाजूला. माझा वरचा प्रतिसाद मी मागे घेत नाही, त्याच्याशेजारी हेही असू द्यावे.

पाटीपेन्सिल:

उरलेला भाग लिहून माझ्याकडून पुरे करतो.

१८६६ मध्ये तो मिसुरीतल्या कॅरोल्टनला शेतीवाडी करून राहिला. व्याख्याने देत फिरायचा आणि त्यावर संसार चालवायचा. राज्याच्या विधिमंडळात पुन्हा निवडून आला. सिनेटर लुईस बोगी १८७७ मध्ये वारल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेच्या मुदतीचे शेवटचे काही आठवडे उरले होते, ते मिसुरीच्या विधिमंडळाने १८७९ च्या जानेवारीत सन्मान म्हणून या म्हाताऱ्या सेनानीला दिले. २७ जानेवारी ते ३ मार्च, म्हणजे जेमतेम पाच आठवडे. तिसऱ्या राज्याची नोंद यातून झाली. उंबरठा यांच्या आक्षेपानंतर मी माझे वाक्य असे सुधारतो की इलिनॉयमध्ये त्याला बूड होते आणि ते त्याने एका मतापायी गमावले, मिनेसोटात त्याला चिठ्ठीने उठवले, आणि मिसुरीने त्याला उठायच्या वेळीच बसवले.

त्यानंतर तीन महिन्यांत, १ जून १८७९ रोजी, व्याख्यानाच्या दौऱ्यावर असताना आयोवातल्या ओटम्वा इथे तो गेला. त्याला कॅरोल्टनला पुरले.

वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलच्या इमारतीत प्रत्येक राज्याने आपल्या दोन व्यक्तींचे पुतळे द्यावेत अशी तरतूद १८६४ मध्ये झाली. इलिनॉयने १८९३ मध्ये आपला पहिला पुतळा दिला तो जेम्स शील्ड्सचा, आणि दुसरा १९०५ मध्ये दारूबंदी चळवळीतल्या फ्रान्सेस विलर्ड यांचा. इलिनॉयच्या वाट्याच्या त्या दोन जागांत लिंकन नाही. त्याचा पुतळा त्याच इमारतीत आहे, पण तो काँग्रेसने करवून घेतलेला. शील्ड्सचा पुतळा घडवला लेनर्ड व्होल्कने, ज्याने १८६० मध्ये लिंकनच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला होता.

बेळगावकर_रसिक:

म्हणजे एकाच शिल्पकाराचे हात दोघांवरून फिरले. पुतळ्यात उंचीचे काय केले आहे हो?

पाटीपेन्सिल:

पुतळा गणवेशातला आहे, छाती पुढे काढून उभा. चौथऱ्यावर चढवल्यावर पाच फूट नऊ आणि सहा फूट चार यांतला फरक खालून पाहणाऱ्याला कळत नाही.